माझ्या माघारी वाचायची भांडी

सातारा परिसर, औरंगाबाद
शुक्रवार, १३ मे २०१६

तीर्थस्वरूप रामकिसनदाजी आणि सौ. द्वारकाअक्का यांना धाकट्या बद्रीनाथचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

इकडं सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, पण मी पडलो नक्की लिहिणारा माणूस, तेव्हा ‘सर्व’च्या जागी ‘बहुतेक’ असं वाचावं. दाजी, तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरनं दिलेला पट्टा तुम्ही धोतरावरून बांधता असं अक्का म्हणाली. तो आतून बांधायचा असतो (खोक्यावर चित्र असतं, चित्र बघत जावं). अक्काच्या बी.पी.च्या गोळ्या चालू आहेत का? पिशोरच्या विहिरीत बादली बुडते का अजून, की नुसती टेकते? आमच्याकडं टँकर येतो तेव्हा येतो. हा भाग आता शहरात आला असं म्हणतात. चारी बाजूंनी इमारती उठल्यात, प्रत्येकीच्या गच्चीवर टाकी बसलीय आणि टाकीत कबुतरं राहतात. माझा धंदा मात्र जोरात आहे. बोअर कोरडे पडले की मोटारी कोरड्या फिरतात, कोरड्या फिरल्या की जळतात आणि जळाल्या की छावणी भागातल्या माझ्या दुकानात येतात. लोकांचं पाणी गेल्यावर माझ्या घरात पैसा येतो, हे बरं वाटत नाही, पण मोटार भरून (म्हणजे आत नवी तार गुंडाळून) तर द्यावीच लागते.

मागच्या मंगळवारी मी फोन केला होता तो विसरून जावा. मी अगदी हळू आवाजात सांगितलं होतं की दाजी, आमचा जो मोठा स्टीलचा डबा तुमच्याकडं आलाय त्याच्या बुडावर काय लिहिलंय तेवढं मला वाचून दाखवा. तुमच्याजवळ चष्मा नव्हता हे मी समजू शकतो. पण म्हणून फोन स्पीकरवर टाकून डबा पारावर न्यायची गरज नव्हती. पलीकडून मला एकाच वेळी चार-पाच माणसं ऐकू येत होती. एक म्हणत होता, “गादीखाली नाय, ते खोडलंय,” दुसरा म्हणत होता, “पिठाचं बी खोडलंय,” तिसरा विचारत होता, “बद्री आजारी हाय का काय?” आणि मागून अक्का ओरडत होती, “डबा उलटा करू नका, कुरडया हायत!” एवढ्यात इकडं आशा खोलीत आली आणि मला ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवावा लागला. म्हणून हे पत्र. ते पारावर वाचू नये.

मुद्दा असा. येत्या गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. पित्ताशयात खडे झालेत (मूत्रपिंडात नव्हे; लोक दोन्हीला ‘स्टोन’ म्हणतात, फरक आहे). दवाखान्यात विम्याचं कार्ड लागतं. कार्ड बँकेच्या लॉकरमध्ये आहे. लॉकरची किल्ली मी एका जागी ठेवली आहे आणि ती जागा डब्याच्या बुडावर लिहिली आहे. डबा तुमच्याकडं आहे. बँकेत विचारलं तर म्हणाले, लॉकर फोडावं लागेल, त्याला कंपनीचा माणूस येतो, त्याची तारीख घ्यावी लागते. त्यांनी दिलेली तारीख गुरुवारच्या पुढची आहे. आता तुम्ही म्हणाल, शहाण्या माणसानं किल्लीचा पत्ता डब्याच्या बुडावर कशाला लिहावा? दाजी, याला कारण आपले तात्या.

तात्या गेले तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल. पेटीत कागदच कागद, निम्मे निजामाच्या वेळचे, उर्दूत, कुठला कशाचा ते कुणाला कळेना. कन्नड गावात एक म्हातारे मौलवीसाहेब होते, ते वाचून द्यायचे, पण दुपारची झोप झाल्यावर आणि दिवसाला एकच पान. चौथ्या खेपेला कळलं की ज्या कागदाला आपण जमिनीचा दस्त समजत होतो तो कुणीतरी कुणाकडून बैल घेतल्याची पावती होती, आणि त्या दोघांतला एकही आपला नव्हता. वारस म्हणून अक्काला दर वेळी सहीला यावं लागायचं. उन्हातान्हात तहसीलच्या पायरीवर ती बसलेली असायची आणि सही करून झाल्यावर विचारायची, “आता तरी तात्याला सोडतेत का?” तेव्हाच मी ठरवलं की आपल्या माघारी बायको-पोरीला असल्या पायऱ्या चढायला लावायच्या नाहीत.

आधी फाईल केली होती. नववी पास माणसानं केलेली फाईल बँकेच्या साहेबानं हातात घेऊन उलटसुलट बघितली होती, एवढं सांगतो. विमा, बँक, प्लॉट, लाईट बिल, दुकानाचं भाडं, कुणाला आधी कळवायचं, कुणाला नाही कळवलं तरी चालेल, असे विभाग. पहिल्या पानावर मथळा: ‘माझ्या माघारी’. ती आशाला समजावून सांगायला बसलो तर म्हणाली, “जेवताना अभद्र बोलू नका.” मी म्हटलं, आपण जेवत नाही आहोत. म्हणाली, “मग आता ताटं घेते,” आणि उठली. तेव्हा दुपारचे चार वाजले होते. दाजी, याच बाईला मी मोटारीचं स्टार-डेल्टा कनेक्शन समजावलेलं आहे आणि तिनं ते शेवटपर्यंत ऐकलेलं आहे. पण ‘नॉमिनी’ म्हटलं की हिला गॅसवरचं दूध आठवतं. गॅसवर दूध नसतं. मी जाऊन बघितलंय.

फाईल मी कपाटावर ठेवली आणि भाद्रपदात तिला वाळवी लागली. पाऊस नाही, पाणी नाही, माणसं गाव सोडायला लागली, पण वाळवीला ओल कुठून मिळते देव जाणे. तिनं अनुक्रमणिकेपासून सुरुवात केली आणि मी लावलेल्या क्रमानं शेवटपर्यंत गेली. एवढी शिस्तीत ती फाईल दुसऱ्या कुणीच वाचली नाही.

मग मी विचार केला (दुकानात मोटार भरताना हात चालतो आणि डोकं मोकळं असतं). घरातून काय जात नाही? कागद जातो, फर्निचर जातं, पोरी जातात. भांडं जात नाही. आईच्या लग्नात कुणीतरी दिलेला तांब्या आमच्याकडं आहे, देणारे गेले, घेणारे गेले, पण पोटावरचं नाव अजून वाचता येतं. आपल्याकडं भांड्यावर नाव टाकतात ते काय उगाच? आणि दुसरं म्हणजे, आशा जी माहिती कानानं ऐकत नाही ती तिच्या हाताखालीच ठेवली तर रोज घासताना वाचल्याशिवाय राहील का? भांड्याच्या दुकानात नाव टाकायचं यंत्र असतं ते मी बाहेरूनच पाहून घेतलं आणि घरी येऊन दाराच्या बेलच्या कॉइलपासून तसंच बनवलं. टोकाला शिलाई मशीनची सुई बसवली. (बेल तेव्हापासून बंद आहे. पुढच्या वेळी आलात तर कडी वाजवावी.)

कोरताना मी सुरक्षेचा विचार केलेला होता. चोराच्या हाती एखादं भांडं लागलं तरी त्याला पुरी माहिती मिळू नये म्हणून बँकेच्या एकेका खात्याचा अर्धा नंबर ताटावर आणि अर्धा त्या ताटाच्या वाटीवर टाकला. कुठल्या ताटाची कुठली वाटी हे फक्त मला माहीत. प्लॉटची चतुःसीमा हंड्याच्या पोटाभोवती कोरली, पूर्वेला कोणाचा प्लॉट, पश्चिमेला रस्ता, आणि वर उत्तरेकडं बाण काढला. हंडा बाणाप्रमाणं ठेवला की सगळ्या दिशा आपोआप जुळतात. आशा तो जागच्या जागी फिरवायची आणि मी जाऊन परत उत्तरेला करायचो. पोह्यांच्या बशांवर ‘माझ्या माघारी सर्वप्रथम करावयाची कामं’ टाकली, कारण ती कामं थोडी आणि बशी लहान. डब्याचं बूड मोठं, म्हणून किल्लीची जागा तिथं टाकली. सुरक्षेसाठी मी ती जागा अधूनमधून बदलत होतो. प्रत्येक वेळी जुनं खोडून खाली नवं कोरायचं. आमच्या तनुजाच्या लग्नात घरात पाहुणे फार झाले तेव्हा शेवटची बदलली, घाईत कोरली, आणि दाजी, लिहून ठेवलंय या विश्वासावर मी ती डोक्यातून काढून टाकली. लिहिण्याचा उपयोगच तो असतो. आता गेले काही दिवस मी घरभर शोधतोय. आशानं विचारलं तर उंदीर शोधतोय म्हणून सांगितलं. तिनं पिंजरा आणून लावला. काल त्यात माझं बोट सापडलं.

पोह्यांच्या बशांवरून एक झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तनुजाला बघायला वैजापूरचे सर्जेराव आले होते (आता व्याही, कांद्याची आडत आहे). पोहे संपवता संपवता ते एकदम थांबले. खोबरं बाजूला सारलं, चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचायला लागले: “मृत्यूचा दाखला काढणे, दहा प्रती. पेन्शनवाल्या मावशीस लगेच न सांगणे.” तनुजा आत पळाली. आशानं चहाचा ट्रे तसाच आत नेला. मला वाटलं, जुळलेलं मोडलं. पण सर्जेराव मला म्हणाले, “पाव्हणं, पुढचं कुठं हाय?” मी म्हटलं, पुढचं तुमच्या सौभाग्यवतींच्या बशीत आहे. त्यांनी ती मागवून घेतली, बाईंचे पोहे अजून संपायचे होते तरी, आणि सगळं वाचून म्हणाले, “लई पक्कं काम! असल्या घरची पोरगी डोळं झाकून करावी.” लग्न त्या बशीनं ठरलं असं मी म्हणतो. आशा मात्र त्या दिवशी जेवली नाही. ‘लोकाच्या पुढ्यात माझं कुंकू वाढलं,’ एवढंच म्हणाली. मला वाक्याचा अर्थ लागला नाही. पोहे वाढले होते.

आणि दाजी, इथून पुढं मला काही म्हणजे काही समजेनासं झालंय. ज्या घरातून भांडं जात नाही त्या घरातून भांडी जायला लागली. पहिल्यांदा हंडा गेला. टँकरच्या रांगेत लावला होता, घरी आला तो दुसराच, त्याच्यावर ‘पारूबाई’ असं नाव. पारूबाई म्हणजे मागच्या गल्लीतल्या. मी टँकरवाल्या कडुबाला गाठलं. तो म्हणाला, “सायेब, मी पाणी बघू का भांडी बघू? बाया माझा पाईप पळवतेत, तुमचं हंड्याचं चाललंय!” मग मी स्वतः पारूबाईंकडं गेलो. आमचा हंडा दारातच होता, बाण दक्षिणेला. विचारलं, आमचा हंडा तुमच्याकडं आलाय का? तर डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या, “आला ना. आशानंच दिला. म्हणली, तुझा दे, माझा घे.” किती सफाईनं खोटं बोलतात माणसं! दुष्काळानं पाण्यापाठोपाठ नीतीही आटली. मी आशाला हे सांगितलं तर ती म्हणाली, “राहू द्या, बाई गरीब आहे.”

त्यानंतर बशा गेल्या. आशा म्हणाली, देवळाच्या भंडाऱ्याला दिल्या होत्या, तिकडंच राहिल्या. अर्ध्या नंबरवाली ताटं शेजारच्या बारशाला गेली, ती आली नाहीत (वाट्या आल्या, म्हणजे माझ्याकडं आता सगळ्या खात्यांचे मागचे आकडे आहेत). एक परात मला भाजीवालीच्या गाड्यावर दिसली, तिच्यात लिंबं होती आणि लिंबांखाली माझ्या विम्याच्या हप्त्याची तारीख. आणि मार्चमध्ये तुम्ही दोघं येऊन गेलात तेव्हा आशानं डबा भरून धपाटे दिले. मी दुकानात होतो. मी असतो तर धपाटे पिशवीत दिले असते. तुम्हाला दोष नाही. आपल्यात भरलेला डबा नाही म्हणत नाहीत, आणि रिकामा परत पाठवत नाहीत, आणि या वर्षी भरायला कुणाच्या घरात काही नाही, म्हणून सगळ्यांची भांडी सगळ्यांकडं अडकलीत, असा माझा तर्क आहे. हा तर्क मी आशाला सांगितला. ती म्हणाली, “व्हय, तसंच असेल.”

डॉक्टर चांगला आहे. मी त्याला विचारलं, धोका किती? म्हणाला, काही नाही हो, एक टक्कासुद्धा नाही. मी म्हटलं, नक्की सांगा. तेव्हा म्हणाला, बरं, एक टक्का धरा. आता दाजी, मी दुकानात शंभर मोटारी भरल्या की एखादी परत येतेच. चूक कशात झाली ते मला कधीच सापडत नाही. तार तीच, वेटोळी तेवढीच, हात माझेच. त्या मोटारीवर काही लिहिलेलं नसतं. हे मी आपलं तुम्हाला म्हणून लिहिलं.

चुकलंमाकलं पोटात घालावं. लहानांना पाठीवर हात, मोठ्यांना पायावर डोकं.

तुमचा,
बद्रीनाथ

ता. क. डबा बुधवारच्या आत मिळावा. एसटीच्या कंडक्टरकडं दिला तरी चालेल, पण बूड कागदानं झाकून, दोरी बांधून. कुरडया अक्कानं दुसऱ्या कशात काढाव्यात. मोडल्या तर मी भरून देईन.

ता. क. २. आणखी एक. खरं म्हणजे हेच. डबा कंडक्टरकडं देऊ नका, दाजी, तुम्हीच घेऊन या, अक्कालाही आणा. आशाला ऑपरेशनचं माहीत नाही. गुरुवारी जालन्याला तांब्याची तार आणायला जातो, एक रात्र मुक्काम पडेल, असं सांगून ठेवलंय. सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. टँकरच्या रांगेत सांगायला गेलो तर टँकर आला. परवा एक वाटी घेतली, ‘येत्या गुरुवारी माझं’ एवढं कोरलं आणि पुढं सुई चालेना. वाटी दुकानात ठेवलीय. माझ्या माघारी काय करायचं ते सगळं मी तिला लिहून देऊ शकलो, हे मात्र जमत नाही. तुम्ही बुधवारी येऊन तिला सांगा. अक्कानं आधी फोन करू नये. तुम्ही मोठे आहात, तुमच्यापुढं ती दुधाचं निमित्त काढणार नाही.

ता. क. ३. आत्ताच एक गिऱ्हाईक आलंय, बीड बायपासला एका अपार्टमेंटची मोटार जळालीय, मला लगेच निघावं लागतंय. पाकीट चिकटवून कन्नडच्या गाडीला द्यायला आशाकडं ठेवून जातो. काळजी नसावी, तिनं आजपर्यंत दुसऱ्याचं पत्र कधी वाचलेलं नाही.

दाजींना आणि अक्कांना आशाचा नमस्कार. पाकीट उघडंच होतं आणि पहिल्या पानावर माझं नाव दिसलं म्हणून वाचलं. ऑपरेशनचं मला आत्ता कळलं. अक्षर वाईट येतंय, समजून घ्या. जालन्याला जाणारा माणूस आठ दिवस आधीपासून तेलकट खायचं सोडत नसतो, एवढं माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं.

पारूबाई खोटं बोलली नाही. हंडा मीच दिला. बशा, ताटं, परात, सगळं मीच एकेक करून घराबाहेर काढलं, भंडारा नव्हता का बारसं नव्हतं. तुम्हीच सांगा अक्का, ज्या ताटात ‘माझ्या माघारी’चे आकडे कोरलेत त्या ताटात मी या माणसाला भाकर वाढू का? घासायला घेतलं की हाताला ते अक्षर लागायचं. यांना वाटतं मी वाचत नाही. मला सगळं पाठ झालंय, पुढचे आकडे आणि मागचे बी. म्हणूनच देऊन टाकली. मनात एकच धरलं होतं, भांडी बाहेर आहेत तवर हे घरात आहेत. अडाणीपणा म्हणा. पण तनुजाच्या लग्नानंतर धडधाकट फिरले का नाही?

फक्त डब्याच्या बुडाचं मी वाचलं नव्हतं, त्याच्यात पीठ असायचं. किल्ली यांना पाहिजे, तर बुधवारी येताना शेवटची ओळ तेवढी कागदावर उतरून आणा. बँकेत मी जाईन, गुरुवारी दवाखान्यात बी मीच जाणार. मला सांगायचे कष्ट घेऊ नका, मी आज ते आले की जेवायला वाढून समोर बसणार आहे, आणि उठणार नाही, मग बघू कसं सांगत नाहीत.

कुरडया मोडू नका. डबा तिथंच राहू द्या. तो आम्ही दोघं येऊन नेऊ.